घरचा रक्तदाब : घाबरू नका, गाफीलही राहू नका

(वार्षिक सभेनंतर विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर रुग्णालयाच्या मेडिसिन विभागातील डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेचे कामकाज आटोपल्यावर सर्वसामान्यांना उपयोगी पडेल अशा एखाद्या वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. अशा प्रसंगी एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेविषयी किंवा नव्या यंत्रसामग्रीविषयी बोलण्याचा मोह होतो. मी मात्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी, टीव्हीशेजारच्या कपाटात किंवा औषधांच्या खणात ठेवलेल्या एका लहानशा यंत्राविषयी बोलणार आहे. ते म्हणजे रक्तदाब मोजण्याचे यंत्र.

काही वर्षांपूर्वीपर्यंत रक्तदाब मोजायचा तर फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात जावे लागे. डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळत, फुगा दाबत, पाऱ्याच्या स्तंभाकडे पाहत आणि ‘ठीक आहे’ किंवा ‘जरा वाढलंय’ एवढेच सांगत. आकडा त्यांच्यापाशी राही, रुग्णाला मिळे तो त्याचा अर्थ. आज परिस्थिती उलटी झाली आहे. परदेशी असलेला मुलगा किंवा दुसऱ्या गावी असलेली लेक आईवडिलांसाठी यंत्र पाठवते. बटण दाबले की आकडा समोर येतो. त्याचा अर्थ सांगणारे मात्र त्या वेळी जवळ कोणी नसते. हे यंत्र घरी असणे ही चांगलीच गोष्ट आहे. आकड्याचे काय करावे, हे मात्र यंत्रासोबत घरी आलेले नाही.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तो कल्पिलेला आहे. पण अशा प्रसंगांची आपत्कालीन विभागाला चांगलीच ओळख आहे. पासष्टीचे एक गृहस्थ लग्नकार्य आटोपून रात्री घरी परततात. दिवसभराची दगदग, पंगतीतले लोणचे-पापड आणि मठ्ठा, गाडीतला उकाडा. सकाळची गोळी घाईगडबडीत राहून गेलेली. झोपण्यापूर्वी सहज म्हणून सूनबाई त्यांचा रक्तदाब मोजतात. आकडा येतो १८६/१०४. सारे घर गोळा होते. ‘बाबा, पुन्हा बघू या,’ असे म्हणत लगेच दुसऱ्यांदा पट्टा गुंडाळला जातो : १९२. पाच मिनिटांनी १९८. पुण्याहून मुलाचा फोन येतो, ‘आता किती आहे?’ शेजारचे काका आपल्या डब्यातली गोळी घेऊन येतात. गृहस्थांना खरे तर काहीच होत नसते. पण आता त्यांच्या छातीत धडधडू लागलेले असते.

या घरातील प्रत्येकाचा हेतू चांगलाच आहे. तरीही त्या तासाभरातील जवळजवळ प्रत्येक कृती रक्तदाब वाढवणारी आहे. अशा वेळी काय करावे, काय टाळावे आणि खरा धोका कोठे असतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आकडा कशाचा?

रक्त धमनीतून वाहताना तिच्या भिंतीवर जो दाब देते तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल असते तेव्हाचा खालचा. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी आपल्या १७३३ सालच्या ग्रंथात घोडीच्या धमनीत नळी घालून रक्ताचा स्तंभ किती उंच चढतो, हे मोजल्याचे वर्णन केले. माणसावर तो प्रयोग अर्थातच शक्य नव्हता. १८९६ मध्ये इटलीतील शिपिओने रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याचा स्तंभ यांची जोड घातली. १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोप लावून कोणते आवाज ऐकायचे, हे दाखवून दिले. पाऱ्याची यंत्रे आता मागे पडत चालली असली, तरी आपण अजूनही ‘मिलिमीटर पारा’ याच मापात बोलतो.

रक्तदाब स्थिर नसतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उंची एकदा मोजली की झाले; रक्तदाबाचे तसे नाही. तो प्रत्येक ठोक्यागणिक बदलतो. झोपेत तो सर्वसाधारणपणे १० ते २० टक्क्यांनी उतरतो, पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. जिना चढताना, भांडताना, फोनवर बोलताना, लघवी तुंबलेली असताना, थंडीत कुडकुडताना तो वाढतो. १९८५ साली कॅनडात झालेल्या एका अभ्यासात जड वजने उचलणाऱ्या तरुण व्यायामपटूंच्या धमनीत सूक्ष्म नळी बसवून मोजमाप केले गेले. दोन्ही पायांनी वजन रेटतानाच्या क्षणी त्यांचा सरासरी रक्तदाब ३२०/२५० इतका चढला होता. व्यायाम थांबताच तो झपाट्याने खाली आला. रक्तदाब असलेल्यांनी जड वजने उचलावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. निरोगी धमनी क्षणभराचा चढ सोसू शकते, एवढेच यातून घ्यायचे. धमनीला जर्जर करतो तो वर्षानुवर्षे न उतरलेला दाब.

किराणा दुकानदार एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफातोटा ठरवीत नाही. रक्तदाबाचा हिशेबही तसाच करावा लागतो.

एक इतिहासप्रसिद्ध रुग्ण

दीर्घकाळ चढलेला दाब काय करतो, याचे उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रूएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञांनी तपासले, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदय थकल्याची चिन्हे दिसत होती. वाढता रक्तदाब त्याआधीही काही वर्षे नोंदला गेला होता. विश्रांती, मीठ कमी करणे, हृदयासाठी डिजिटॅलिस, याखेरीज वैद्यकाच्या हाती तेव्हा फारसे काही नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी ‘डोके फार दुखते आहे’ असे म्हणून ते कोसळले आणि मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. जगातील सर्वांत सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या माणसाला त्या काळी जे औषध मिळू शकले नाही, त्याहून कितीतरी चांगले औषध आज आपल्या गावच्या मेडिकलमध्ये अल्प किमतीत मिळते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या प्रगतीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे शतकानुशतके वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ साली तो ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. साऱ्या जगाचे लक्ष या औषधाकडे वळले आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि सर्पगंधेचे महत्त्व कमी झाले. परंतु वाढलेल्या रक्तदाबावर औषधाने इलाज होऊ शकतो, हा विश्वास रुजवण्यात त्या कामाचा मोठा हात होता.

त्याच सुमारास, १९४८ साली, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. त्यातून स्पष्ट झालेली गोष्ट आज साधी वाटते : वाढलेला रक्तदाब बहुधा काहीही त्रास न देता वर्षानुवर्षे राहतो आणि हृदयविकार व पक्षाघात यांची वाट तयार करतो. ‘मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?’ या नित्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

आधी मोजमाप तपासा

घरी अचानक मोठा आकडा आला, तर पहिला संशय मोजण्याच्या पद्धतीवर घ्यावा. पुढील गोष्टी पाहा.

पट्टा योग्य मापाचा आहे काय? जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटा वाढतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा लावला असता वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. म्हणजे निव्वळ पट्ट्यामुळे निरोगी माणूस रुग्ण ठरू शकतो. यंत्र घेताना दंडाचा घेर टेपने मोजावा आणि खोक्यावर छापलेल्या मापाशी ताडून पाहावा.

हात कोठे आहे? दंड हृदयाच्या पातळीवर, टेबलावर टेकलेला असावा. २०२४ सालच्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सुमारे ४ ने, आणि बाजूला लोंबता सोडल्यास ६ ते ७ ने जास्त येतो, असे आढळले.

पाठ खुर्चीला टेकलेली आहे काय? पाय जमिनीवर सपाट आहेत काय, की एकावर एक टाकलेले? पट्टा सदऱ्याच्या वा स्वेटरच्या बाहीवरून तर बांधलेला नाही ना? लघवीला जाऊन आलात काय? गेल्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट वा व्यायाम झाला काय? आणि मोजताना कोणी बोलत तर नाही ना? आपल्या घरांत रक्तदाब मोजणे हा सामुदायिक कार्यक्रम असतो; एक जण पट्टा बांधतो, चौघे सल्ला देतात आणि ज्याचा रक्तदाब मोजायचा तोच सर्वांना उत्तरे देत असतो. बोलण्यानेही आकडा सहज वर जातो.

यंत्र दंडावर बांधायचे असावे. मनगटावरच्या यंत्रात हाताच्या स्थितीनुसार चूक होण्याचा संभव अधिक. वर्षातून एकदा ते आपल्याबरोबर बाह्यरुग्ण विभागात आणून तेथील मोजमापाशी ताडून पाहावे. सुरुवातीला दोन्ही दंडांत मोजावे आणि जिकडे आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम ठेवावा. नाडी अनियमित असेल तर यंत्र चुकू शकते. अशा रुग्णाने डॉक्टरांकडूनही मोजून घ्यावे.

त्या रात्री काय करावे?

आता त्या लग्नघरातून परतलेल्या गृहस्थांकडे वळू. सर्वांत आधी आकड्याकडे पाठ फिरवून माणसाकडे पाहावे आणि काही प्रश्न विचारावेत. छातीत दुखते किंवा दडपण येते आहे काय? धाप लागली आहे काय? तोंड एका बाजूला वाकडे झाले आहे काय? हातापायातली शक्ती गेली आहे किंवा बधिरता आली आहे काय? बोलणे अडखळते आहे काय? दृष्टी अचानक अंधूक झाली आहे काय? कधी नव्हे इतके असह्य डोके दुखते आहे काय? पाठीत फाटल्यासारखी कळ आली आहे काय? माणूस गोंधळल्यासारखा वागतो आहे काय, झटके येत आहेत काय?

यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर आकडा पुन्हा मोजण्यात वेळ दवडू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या सुसज्ज रुग्णालयात न्यावे. रक्ताच्या गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, ते लक्षात ठेवावे. अशी लक्षणे असतील तर आकडा १५० असला तरीही थांबू नये.

गरोदर स्त्रिया आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया यांचा नियम वेगळा आहे. त्यांच्यात १४०/९० हा आकडाही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावा आणि वरचा १६० किंवा खालचा ११० झाला तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात यावे.

सर्व उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर यंत्र बाजूला ठेवावे. खोलीत एकच माणूस थांबावा, बाकीच्यांनी बाहेर जावे. टीव्ही बंद करावा, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून निवांत बसावे. कमीत कमी पाच मिनिटे, आणि मन अस्वस्थ असेल तर अर्धा तास. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवावेत. पुष्कळदा एवढ्यानेच आकडा उतरलेला दिसतो. दिवसाची नेहमीची गोळी राहिली असेल, तर ती त्या वेळी घ्यावी की दुसऱ्या दिवशी वेळेवर घ्यावी, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे.

विश्रांतीनंतरही वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० याहून अधिक राहिला आणि तरीही त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि औषधात कोणता बदल करायचा, ते त्यांच्याकडून ऐकावे. आकडा त्याहून कमी असेल तर झोपावे आणि सकाळी पुन्हा मोजावे.

काय करू नये?

शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. ही सूचना पोकळ नाही, तिच्यामागे कटू अनुभव आहे. एके काळी रक्तदाब वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची पद्धत दवाखान्यांतही सर्रास होती. आकडा काही मिनिटांत धाडकन उतरे आणि सर्वांना समाधान वाटे. परंतु त्यामुळे काही रुग्णांना पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी होत गेल्या, आणि १९९६ साली अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवावी, असे आवाहन प्रसिद्ध झाले. कारण समजण्यासारखे आहे. ज्याचा रक्तदाब अनेक वर्षे चढलेला आहे, त्याच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावलेल्या असतात. दाब एकाएकी उतरवला, तर मेंदूला पुरेसे रक्त पोहोचत नाही.

आपलीच गोळी दोनदा किंवा तीनदा घेऊ नये. पुष्कळांना दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही गोळी सावकाश काम करणारी आहे. तिचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो. रात्री जादा घेतलेल्या गोळीने त्या रात्रीचे काम होत नाही. विश्रांतीने आकडा उतरतो, श्रेय गोळीला मिळते आणि पुढच्या वेळी हात पुन्हा डब्याकडे जातो.

दर पाच मिनिटांनी मोजू नये. भीतीने आकडा वाढतो, वाढलेल्या आकड्याने भीती वाढते. हे चक्र यंत्र बंद केल्याशिवाय थांबत नाही.

आणि आकडा खाली आला म्हणून गोळी बंद करू नये. तो बहुधा गोळीमुळेच खाली आलेला असतो.

खरा धोका कोठे आहे?

२०१६ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. दवाखान्यात वरचा रक्तदाब १८० किंवा खालचा ११० याहून अधिक आढळलेल्या, परंतु तातडीची लक्षणे नसलेल्या ५८ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तीत तपासली गेली. पुढील आठवड्यात हृदयविकार किंवा पक्षाघातासारखी गंभीर घटना घडण्याचे प्रमाण हजारी एक इतके अल्प होते. ज्यांना घाईने रुग्णालयात पाठवले, त्यांना घरी पाठवलेल्यांपेक्षा विशेष लाभ झाल्याचे आढळले नाही. मात्र दोन्ही गटांची तुलना करताना आणखी एक गोष्ट पुढे आली : सहा महिन्यांनंतरही त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांचा रक्तदाब आटोक्यात आलेला नव्हता.

या दोन निष्कर्षांत माझे आजचे सारे म्हणणे सामावले आहे. ज्या रात्री सारे घर जागे असते, त्या रात्री धोका बहुधा थोडा असतो. तो असतो पुढच्या सहा महिन्यांत, जेव्हा आकडा उतरलेला असतो, घर निश्चिंत असते आणि यंत्र पुन्हा खणात जाऊन पडलेले असते. आपण रात्री घाबरतो आणि दिवसा विसरतो. खरे तर रात्री शांत राहून दिवसा जागे राहिले पाहिजे.

आणि हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ वर्षांवरील स्त्रियांत सुमारे २१ टक्के आणि पुरुषांत सुमारे २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. या सभागृहातील प्रत्येक कुटुंबात एक तरी अशी व्यक्ती असेल.

सात दिवसांची वही

अनपेक्षित मोठा आकडा आल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून एक छोटी वही घालावी. सकाळी औषध आणि न्याहारीपूर्वी दोनदा, संध्याकाळी जेवणापूर्वी दोनदा, एकेका मिनिटाच्या अंतराने मोजावे. असे सात दिवस करावे. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर रक्तदाब खरोखर वाढलेला आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दवाखान्यातील मोजमापासाठी हीच मर्यादा १४०/९० अशी धरतात. काही मार्गदर्शक तत्त्वांत ती याहूनही कमी आहे, आणि मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांसाठी डॉक्टर वेगळे उद्दिष्ट ठरवू शकतात.

ही वही डॉक्टरांच्या हाती पडली की दोन छुप्या गोष्टी उघड होतात. काहींचा रक्तदाब फक्त डॉक्टरांसमोर चढतो. त्यांना विनाकारण औषध चालू होण्याचे टळते. काहींचा मात्र दवाखान्यात नेमका चांगला येतो आणि घरी चढलेला असतो. असे रुग्ण अधिक धोक्यात असतात आणि वहीवाचून ते सापडतही नाहीत.

वहीत आकड्यांसमोर दोन शब्द लिहिण्याची सवय ठेवावी : गोळी राहिली, झोप झाली नाही, लग्नाचे जेवण, सर्दीचे औषध. कारणे पुष्कळदा तेथेच सापडतात. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात. नाक मोकळे करणारी सर्दीची काही औषधे, स्टेरॉइड, पाण्यात फसफसणाऱ्या सोडियमयुक्त गोळ्या यांचेही तसेच. खोकल्यासाठी रोज चघळले जाणारे ज्येष्ठमधसुद्धा, निरुपद्रवी वाटत असले, तरी अधिक प्रमाणात रक्तदाब चढवते. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हेही एक वारंवार दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. ‘गोळ्या कोणत्या घेता?’ असे डॉक्टरांनी विचारल्यावर घरगुती आणि आयुर्वेदिक औषधेही न लपवता सांगावीत.

मिठाविषयी वेगळे सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. भाजी-आमटीतले मीठ आपण मोजतो. लोणचे, पापड, शेव-फरसाण, चिवडा, ताकातले मीठ, पाव आणि बिस्किटे मात्र हिशेबात धरत नाही. पानाच्या डाव्या बाजूला वाढलेली मिठाची चिमूट बंद करणे हा साधा आणि बिनखर्चाचा आरंभ आहे.

शेवटी दोन विनंत्या

कुटुंबीयांना माझी एक विनंती आहे. आपल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागत असल्याचा भाव येऊ देऊ नका. आकडा मोठा आला म्हणून ‘कालच सांगितलं होतं, लोणचं खाऊ नका’ असे बोलू नका. अशा बोलण्याने पुढच्या वेळी आईबाबा मोजूच देत नाहीत, किंवा वहीत चांगले तेवढेच आकडे लिहितात. खोट्या वहीवर दिलेले औषधही चुकते. दूर राहणाऱ्या मुलामुलींनी ‘आता किती?’ असे रात्री विचारण्याऐवजी ‘या आठवड्याची सरासरी किती आली?’ असे रविवारी विचारावे. त्यात काळजीही आहे आणि शहाणपणही.

देणगीदार आणि विश्वस्तांना दुसरी विनंती. रक्तदाबावरील उपचारात भव्य असे काही नसते. निरनिराळ्या मापांचे पट्टे, वेळच्या वेळी तपासलेली यंत्रे, नियमित मिळणाऱ्या स्वस्त गोळ्या आणि रुग्णाला पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसता येईल असा एक बाक, एवढेच लागते. अशा गोष्टींवर दात्यांची नावे कोरता येत नाहीत. परंतु जो पक्षाघात झालाच नाही, त्याचेही छायाचित्र अहवालात छापता येत नाही. जो माणूस दहा वर्षांनीही आपल्या पायांनी देवळात जातो, नातवंडाचे बोट धरून बाजारातून भाजी आणतो आणि कधीच आपल्या अतिदक्षता विभागाची पायरी चढत नाही, त्याच्यासाठी दिलेले दान सहज डोळ्यांत भरत नाही. तरी ते पोहोचलेले असते. आपल्यापैकी ज्यांना वेळ आहे, त्यांनी आपल्या गल्लीतल्या किंवा सोसायटीतल्या पाच घरांना पट्टा कसा बांधावा आणि वही कशी घालावी, एवढे जरी शिकवले, तरी ती या संस्थेला मोठीच मदत होईल.

आज रात्री घरी गेल्यावर यंत्र खणातून काढा, मोजण्यासाठी नव्हे. पट्ट्याचे माप पाहा, सेल ठीक आहेत ना ते तपासा आणि त्याच्याजवळ एक वही आणि पेन ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर आपल्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि १०८ हा क्रमांक ठळक अक्षरांत लिहा. पुढे कधी मोठा आकडा समोर आलाच, तर घाबरण्याऐवजी करण्यासारखे काम घराजवळ आधीच तयार असेल.